एक जूनची टेप

"किती नावं झाली?" दत्ताशेठने फोनवर विचारलं.

"शंभराच्या वर गेली."

"पट्टी एकदा फिरायला किती वेळ लागतोय?"

"पाव तास. शेवटी ज्याचं नाव आहे त्याच्या घरचे जेवून झोपतील तोवर."

"मंग स्पीड वाढव."

"वाढवला तर वाचता येत नाही, शेठ."

"वाचायचंय कोनाला? नाव गेल्याशी मतलब."

हे बोलणं एकतीस मेच्या संध्याकाळचं. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं मी आळेफाट्याला दत्ताशेठ या केबल ऑपरेटरकडे कंट्रोल रूम सांभाळत होतो. कंट्रोल रूम म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरची एक खोली. गच्चीवर डिश, खाली रॅकमध्ये मशिनं, दोन व्हीसीआर आणि एक कॉम्प्युटर. बाहेरच्या चॅनेलांबरोबर आमची स्वतःची दोन होती. एकावर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सिनेमे. दुसरं लोकल, म्हणजे गावोगावच्या बातम्या, भजनं, दुकानांच्या जाहिराती आणि वाढदिवस. स्क्रीनच्या खालून सरकत जाणारी नावांची ओळ म्हणजे पट्टी. पट्टीत नाव, गाव आणि शुभेच्छुक. नावाबरोबर आवडीचं गाणंही लावायचो. रोज पाच-सहा नावं असायची. एक जूनला मात्र अर्धा तालुका जन्मलेला असायचा.

कारण साधं आहे. जुन्या काळी पोराला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारायचे. बाप म्हणायचा, "सुगीत झाला," नाहीतर "थोरल्या दुष्काळाच्या आदल्या साली." गुरुजी वर्ष अंदाजाने धरायचे आणि तारीख एक जून टाकायचे. जूनमध्ये शाळा सुरू, वय नियमात बसतं, काम संपलं. त्या पिढीतले सरपंच, चेअरमन, तलाठी, खुद्द गुरुजी, सगळे एक जूनचे. माझे वडीलही एक जूनचेच.

पट्टीची अडचण दरवर्षीची होती. त्या वर्षी आणखी एक होती, आणि ती मीच उभी केली होती.

रेडिओवर मोठ्या गायकाच्या जन्मदिवशी त्याची गाणी लागतात. निवेदक त्याची माहिती सांगतो. मी शेठला म्हणालो, आपल्या तालुक्यातही गाणारी माणसं होऊन गेली, काही अजून आहेत. त्यांच्या वाढदिवसाला आपण अर्धा-पाऊण तास का दाखवू नये? शेठला वाढदिवस हा शब्द आवडायचा. वाढदिवस म्हटलं की जाहिरात येते. तो हो म्हणाला.

पहिलं नाव मी हिराअक्काचं काढलं.

हिराअक्का बोरी बुद्रुकची. माझं आजोळही तिथलंच, त्याच वस्तीतलं. लहानपणी मी तिला जयंतीच्या स्टेजवर ऐकलंय. एप्रिल आला की तिची गायन पार्टी बाहेर पडायची. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुके. घोडेगावच्या बाजूला एका गावात लाईट गेली तेव्हा माईकशिवाय गायली आणि ओढ्यापलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं सांगतात. तिथे मी नव्हतो. पण बोरीत विहारासमोर ती गात असताना आमच्या घराच्या पत्र्याखाली ऐकू यायचं, ते मी ऐकलंय. गाणी तिची तीच रचायची. लिहिता येत नव्हतं. पाठ ठेवायची.

तिचा जन्मदिवस विचारला तर म्हणाली, "आई म्हनायची, बाजरी सोंगायला लागली व्हती तवा."

"तारीख?"

"कागदावर एक जून हाय. म्हाताऱ्या कलाकारांचं मानधन सुरू झालं तवा हापिसातल्या सायबानं टाकली. म्या म्हनलं, सायेब, जूनात बाजरी पेरत्यात. सोंगत न्हाईत. त्यो म्हनला, मावशे, तुला मानधन पायजे का बाजरी?"

तर अक्काही एक जूनची झाली.

शूटिंग मेच्या मध्याला केलं. कॅमेरा एका लग्नवाल्याचा, जुना, खांद्यावर घ्यायचा. त्यात व्हीसीआरची मोठी टेप सरळ बसायची. म्हणजे शूट झालेली टेप तशीच चॅनेलवर लावता येते, मध्ये काही करावं लागत नाही. ओसरीत सतरंजी टाकली. पेटीवर तिचा भाचा बसला. अक्काने पांढरं लुगडं नेसलं होतं.

सुरू करण्याआधी तिने मला जवळ बोलावलं.

"सुदीर, एक सांगते. गळ्यात गाठ हाय. जूनच्या पयल्या आठवड्यात ससूनला कापायची हाय. डॉक्टर म्हनतोय, जीव वाचंल. आवाजाचं सांगता येत न्हाई."

मी म्हणालो, "मग आज नको ताण द्यायला."

"येडा का खुळा तू? आजच द्यायचा. मंग कदी?"

ती चार गाणी गायली. आवाज खाली उतरला होता, कडेला खरखर होती. पण सूर हलला नाही. तिसरं गाणं तिचं स्वतःचं, पोरीला शाळेत सोडायला निघालेल्या आईचं. त्यात आई रस्त्याने प्रत्येक घरासमोर थांबते आणि त्या घरातल्या न शिकलेल्या बाईचं नाव घेते. सगळी नावं बोरीतली, खरी. ओसरीत बसलेल्या म्हाताऱ्या आपलं नाव आलं की डोक्यावरचा पदर सारखा करत होत्या.

मी विचारलं, "अक्का, तुमची कॅसेट कशी नाही निघाली? नव्वद सालानंतर तर ज्याची त्याची निघाली."

"निगाली की. एकदा पुन्याला बोलावलं व्हतं. गेले पार्टी घिऊन. ते म्हनले, म्हाताऱ्या बाईचा आवाज चालत न्हाई, तुमी कोरसला ऱ्हावा. कोरसात हाय मी. चौगी होतो. माजी जागा सगळ्यात मागं." ती हसली. "गानं माजंच व्हतं."

चौथं गाणं संपल्यावर तिने पदराने कपाळ पुसलं आणि कॅमेऱ्याकडे हात केला. "आता बंद कर बाबा. लई झालं." भाच्याने पेटीचा भाता लावला. मग कॅमेरा बंद झाला.

तिचं पूर्ण गाणं एवढंच कुठेतरी उतरलं होतं. एका टेपवर.

म्हणून ऑफिसात आल्यावर मी पहिलं काम केलं ते टॅब मोडायचं. व्हीसीआरच्या टेपला मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी टिकली असते. ती मोडली की मशीनला कळतं, या टेपवर आता नवीन काही भरायचं नाही. रेकॉर्डचं बटण दाबलं तर मशीन टेप बाहेर टाकतं. लेबलवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: हिराअक्का, बोरी. पुसू नये.

दुसरी कॉपीही काढायची होती. कॉपीला दोन्ही व्हीसीआर एकदम लागतात, आणि एक सिनेमाला अडकलेला. मी शेठला म्हणालो, एक दुपार सिनेमा बंद ठेवू, नवी टेप द्या.

"सिनेमा बंद केला तर फोन कोन घेनार? तू?" शेठ म्हणाला. "एकदा दाखवून होऊ दे. मंग हीच टेप देऊ की तिला. आपल्याला काय तिचं लोनचं घालायचंय?"

ते मला पटलं. एक जून, संध्याकाळी साडेसात, असं पट्टीवर टाकलं.

अक्काची मुलगी मंदा राजुरीला दिलेली. बोरीच्या वस्तीत तेव्हा आमची केबल पोचली नव्हती, राजुरीत होती. अक्का मेच्या शेवटी मुलीकडे गेली. बोरीहून आठ-दहा बायका गाणं बघायला राजुरीला जाणार होत्या. मंदाने मला फोन केला तेव्हा म्हणाली, "भाऊ, आईचा आवाज चार दिसांपासून पार बसलाय. कुजबुजल्यावानी बोलती. म्हनती, आता टीव्हीवरच ऐका मला."

एक जूनला सकाळी शेठ स्वतः कंट्रोल रूममध्ये आला. तो सहसा येत नसे.

"साडेसातला अण्णांचा कार्यक्रम लावायचा."

अण्णा म्हणजे आमच्या भागातले मोठे पुढारी. दोन संस्थांचे चेअरमन. त्या दिवशी त्यांना पंचाहत्तरावं लागत होतं. मंगल कार्यालयात सकाळी सत्कार होता. नवा, छोट्या टेपचा कॅमेरा भाड्याने आणला होता.

"साडेसातला हिराअक्का आहे," मी म्हणालो. "दोन आठवडे पट्टीवर जातंय."

"तिला मागनं लाव."

"शेठ, तिचाही आज वाढदिवस."

"अरं, तिला कुटं माहिती कवा झाली ती. अण्णांचा खरा हाय."

"अण्णांचाही गुरुजींनीच लिहिलेला आहे. तेव्हाचे सगळेच एक जूनचे."

शेठ माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "हे अण्णांच्या तोंडावर बोलशील का?"

"विचारलं तर बोलेन."

"मंग कुनी इचारनार न्हाई याची काळजी मी घेतो."

शेवटी ठरलं की साडेसातला अण्णा, ते झाले की लगेच अक्का. मी मंदाला फोन करून सांगितलं, थोडा उशीर होईल, उठून जाऊ नका.

दुपारी बेल्ह्याच्या रस्त्याला कडब्याच्या ट्रॉलीने आमची केबल तोडली. राजुरीच्या बाजूला सगळं बंद. मी शिडी घेऊन गेलो. वायर जोडून, खांबावरचा बूस्टर बदलून, राजुरीत चित्र आल्याची खात्री करून परत यायला साडेसात होऊन गेले. बूस्टर म्हणजे लांब गेलेला सिग्नल पुन्हा जोरात करणारा डबा. हे मी सांगतोय अशासाठी, की त्या संध्याकाळी राजुरीत चित्र स्वच्छ दिसत होतं. ते मीच केलं होतं.

कंट्रोल रूममध्ये शिरलो तर अण्णांचा सत्कार चालू होता. फेटा, हार, पंचाहत्तर दिव्यांचं ओवाळणं. खुर्च्यांवर अण्णांची चार-पाच माणसं चहा पीत बसलेली. शेठ त्यांच्यात.

मी रॅकवर अक्काची टेप शोधली. जागेवर नव्हती.

"शेठ, अक्काची टेप?"

शेठने मानेने व्हीसीआर दाखवला. "त्यातच हाय."

"त्यात तर अण्णा चाललेत."

"मंग तेच म्हनतोय."

मला समजायला थोडा वेळ लागला. कॅमेरामनला संध्याकाळी ओतूरचं लग्न होतं. त्याला कॅमेरा घेऊन जायचं होतं, म्हणून त्याच्या छोट्या टेपवरचा सत्कार घाईघाईने मोठ्या टेपवर उतरवून घेतला. कोरी मोठी टेप ड्रॉवरमध्ये नव्हती.

मी व्हीसीआरच्या काचेतून आत वाकून पाहिलं. लेबलवर "हिराअक्का, बोरी" आडव्या रेघेने खोडलं होतं. वर निळ्या पेनने "अण्णा ७५". "पुसू नये" तेवढं तसंच ठेवलं होतं.

"टॅब मोडली होती मी."

"हां, घेईना मशीन. दोनदा बाहेर टाकली. मंग सेलोटेप लावला." शेठने हे अडचण सोडवल्यासारखं सांगितलं. टॅबची जागा चिकटपट्टीने झाकली की मशीन फसतं. हे त्याला मीच कधीतरी शिकवलं होतं, जुन्या सिनेमांच्या टेप परत वापरायला.

"खाली चौकात दुकान आहे, शेठ. कोरी टेप मिळते तिथे."

तो उठून माझ्याजवळ आला. आवाज खाली आणला. "ही मानसं इथं बसलेली. त्यांच्यासमोर टेप आनायला मानूस पाठवू? चॅनेल चालवतो आन एक टेप न्हाई, असं गावभर करायचंय?"

"त्यात तिची चार गाणी होती."

"अरं, तिचं परत घेता येतंय. कवाबी जा, पेटी काढ, घे. अण्णांची पंचाहत्तरी परत येनार हाय का?"

बोलण्यासारखं खूप होतं. पण तिकडे राजुरीत मंदाच्या घरी बायका बसलेल्या होत्या, आणि इथे अण्णांचे आभार मानणं सुरू झालं होतं. अक्काच्या जागी इथे काय लावायचं, याचा मी विचार करत होतो. लावण्यासारखं काहीच नव्हतं.

आभार संपले. राष्ट्रगीत झालं. स्क्रीनवर एक काळी रेघ थरथरत वर गेली.

आणि अक्का आली.

उतरवून घेतलेला सत्कार अक्काच्या कार्यक्रमापेक्षा थोडा कमी भरला होता. शेवटचा तुकडा वाचला होता. पांढरं लुगडं, मागे ओसरीचा खांब. तिने पदराने कपाळ पुसलं, कॅमेऱ्याकडे हात केला आणि म्हणाली, "आता बंद कर बाबा. लई झालं."

भात्याचा आवाज. मग कोरी टेप.

खुर्चीवरचा एक जण मोठ्याने हसला. "अण्णांनाच बोलली का काय म्हातारी!" दुसरा म्हणाला, "ही कोन मधीच?" शेठने मला खूण केली. मी पट्टी चालू केली. शंभराच्या वर नावं. अक्काचं नाव या यादीत टाकलं नव्हतं, कारण तिचा स्वतंत्र कार्यक्रम होता.

फोन वाजायला लागले. बहुतेकांना हसायचं होतं. तालुक्यात पुढे आठवडाभर तो विनोद चालला. एका गावच्या सभेत भाषण लांबलं तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं म्हणे, "आता बंद कर बाबा!" अण्णांच्या लोकांना वाटलं, हे मी मुद्दाम केलं.

मंदाचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजुरीला गेलो. अक्का बाजेवर बसली होती. ससूनला जायची पिशवी भरलेली. मी सगळं सांगितलं. शेठ, टॅब, सेलोटेप, काही ठेवलं नाही. मंदा दारात उभी राहून ऐकत होती.

"आमी सत्काराला टाळ्या वाजवल्या भाऊ," मंदा म्हणाली. "म्हनलं, हे झालं की आईचं लागंल. बोरीच्या बाया जेवायच्या थांबल्या व्हत्या."

अक्काने मला जवळ बोलावलं. आवाज जवळजवळ नव्हताच. ओठांकडे बघावं लागलं.

"दिसले ना पर मी?"

"दिसलात."

"किती?"

"थोडं."

तिने मान हलवली. मग पुन्हा ओठ हलले. "तिसरं गानं बी गेलं?"

"गेलं."

"त्यात नावं व्हती," ती म्हणाली. एवढंच. मग मंदाला खुणेने पाणी मागितलं.

मी माझा घरचा टेपरेकॉर्डर पिशवीतून नेला होता. तो बाहेर काढलाच नाही.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. डॉक्टर खरं बोलला होता, दोन्ही बाबतीत. अक्का पुढे सहा-सात वर्षं होती, पण गळ्यातून फक्त वारा यायचा. जयंतीला तिला स्टेजवर बसवायचे, शाल द्यायचे. ती हात जोडायची. भाच्याला दोन गाणी अर्धवट येत होती. तिसरं कोणालाच पूर्ण येत नव्हतं. तिने बोटांनी खुणा करून ते भाच्याला सांगायचा प्रयत्न केला, पण चाल बोटांनी सांगता येत नाही.

मी त्याच महिन्यात काम सोडलं. शेठ म्हणाला, "एका टेपसाठी नोकरी सोडतो व्हय? तुझ्यासारखा येडा न्हाई पायला." त्याच्या बाजूने तो खरंच बोलत होता. त्याला अजूनही कळलेलं नाही.

अक्का गेली तेव्हा मंदा माझ्याकडे आली. म्हणाली, "त्यो शेवटचा तुकडा तरी मिळंल का? बंद कर म्हनती त्यो. बोलती तरी त्यात."

ती टेप अण्णांच्या घरी भेट म्हणून गेली होती. मी अण्णांच्या मुलाकडे गेलो. त्याने बसवलं, चहा दिला. माणूस वाईट नाही.

"टेप कुटं राह्यली आता? पुन्याला सीडी करून घेतली. टेप फेकली."

"शेवटी एक म्हातारी बाई होती त्यात."

"हां हां, व्हती. त्या सीडीवाल्या पोरानं इचारलं, हे ठेवायचं का. म्या म्हनलं, काढून टाक. आमच्या कार्यक्रमात तिचं काय काम?"

मंदाने मग घरात शोधून पुण्याची ती कोरसची कॅसेट मला आणून दिली. मी हेडफोन लावून बऱ्याचदा ऐकली. पुढे एक तरुण बाई गाते, स्वच्छ आवाज आहे. मागे चौघी ओळ उचलतात. त्यातला एक आवाज अक्काचा असणार. कोणता ते मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि खात्री नसताना मी मंदाला खोटं सांगितलं नाही.

आता मी दुकानांत, सोसायट्यांत सीसीटीव्ही बसवतो. गिऱ्हाईक विचारतं, पासवर्ड टाकला म्हणजे रेकॉर्डिंग सेफ ना? मी सांगतो, मशीन थांबतं, मालक थांबत नाही. टॅब मोडली की व्हीसीआर टेप बाहेर टाकायचा, आणि सेलोटेप चौकातल्या दुकानात मिळायचा. तिथेच कोरी टेपही मिळायची. म्हणून आवाज ज्याचा असेल त्याच्या घरी मूळ टेप ठेवावी. ऑफिसात कॉपी ठेवावी. आम्ही मूळ ऑफिसात ठेवली, आणि कॉपी काढलीच नाही.